बावखल बुजवायचं नाही

अंधेरी मागे पडलं की माझा हात गळ्याशी जातो आणि साखळीतला क्रूस शर्टाच्या आत सरकवतो. ही सवय कधी लागली, सांगता येणार नाही. विरार फास्टमध्ये मला आजवर कुणी काही बोललेलं नाही. आमच्या डब्यात भजनी मंडळ आहे. दसऱ्याला डब्याची पूजा होते, तेव्हा वसईच्या सोनचाफ्याची पुडी मीच नेतो, आणि नाताळानंतर माझ्या करंज्या बोरिवली यायच्या आत संपतात. तरीही हात गळ्याशी जातोच. घडलेलं काहीच नाही, घडेल असं वाटत राहतं, एवढंच.

गेल्या उपवासकाळात एका संध्याकाळी हा हात मी स्वतःच पकडला, आणि मला पेत्र आठवला. येशूला पकडून नेल्यावर हा त्याचा पट्टशिष्य लांबून लांबून मागे गेला आणि प्रमुख याजकाच्या अंगणात शेकोटीशी जाऊन बसला. तिथल्या दासीनं त्याला ओळखलं. तो नाही म्हणाला. आणखी कुणी ओळखलं, पुन्हा नाही म्हणाला. मग तिथली माणसं म्हणाली की तुझी बोलीच सांगते तू गालिलीचा आहेस. पेत्रानं शपथ वाहून तिसऱ्यांदा नाही म्हटलं, आणि कोंबडा आरवला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला पेत्राचा राग यायचा. आता त्याच्या बोलीची काळजी वाटते. मीही गाडीत आईचा फोन आला की आवाज खाली आणतो, कारण आमची कादोडी बोली ऐकली की शेजारचा मान वर करून बघतो. बहुतेक वेळा तो कौतुकानंच बघतो. पण मला ते आधी कळत नाही.

हा लेख त्या हाताबद्दल आहे. भीतीच्या आणि फाटाफुटीच्या दिवसांत श्रद्धेनं काय करायचं असतं, याची उत्तरं प्रवचनातून पुष्कळ मिळतात. मला ती माझ्या तालुक्यात शोधायची होती, कारण आमच्या तालुक्यानं भीती पाहिली आहे, आणि एकाहून जास्त प्रकारची पाहिली आहे.

* * *

नालासोपारा पश्चिमेला उतरून निर्मळच्या रस्त्याला लागलात, की इमारतींची दाटी संपता संपता एकदम सावली लागते. नारळ, केळी, नागवेलीचे मांडव, आणि मधूनच एखादं पांढरंशुभ्र चर्च. या वाड्यांच्या कोपऱ्यात बावखलं आहेत. म्हणजे अजून काही आहेत. बावखल ही विहीर नव्हे आणि तळंही नव्हे. पूर्वजांनी वाडीत खणलेला हा उघडा, मोठा खड्डा. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि हळूहळू मुरतं. समुद्र हाकेच्या अंतरावर असून आमच्या विहिरी गोड राहिल्या, त्या या मुरलेल्या पाण्याच्या दाबामुळे. खारं पाणी आत सरकायला बघतं, गोडं पाणी त्याला थोपवून धरतं. बावखल एकाच्या सातबाऱ्यावर असतं, पण त्यातलं पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत उतरतं. तो शेजारी सामवेदी कुपारी असेल, वाडवळ असेल, कोळी असेल, हिंदू असेल, ख्रिस्ती असेल. पाण्याला सातबारा वाचता येत नाही.

इथला ख्रिस्ती हा बाहेरून आलेला माणूस नाही. त्याची जमीन, त्याचं लुगडं, त्याची बोली इथलीच. धर्म मात्र पोर्तुगिजांबरोबर आला, आणि तो कसा आला हे आम्ही घरात मोकळेपणानं बोलत नाही. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगिजांना दिली. त्यानंतरच्या दोनशे वर्षांत इथे चर्चं उभी राहिली, तशी देवळं पडलीही. निर्मळचं विमलेश्वराचं देऊळ त्यांपैकीच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. मग देवळं पुन्हा उभी राहिली आणि चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला, भीमाशंकरला त्या आजही टांगलेल्या आहेत. मेणवलीची घंटा मी पाहिली आहे. घाटावर पोरं पाण्यात उड्या मारत होती, एक पर्यटक घंटेसमोर फोटो काढत होता. माझ्या पणज्याच्या पणज्याला कदाचित त्याच घंटेनं मिस्सेला बोलावलं असेल. मला राग आला नाही. पडलेलं देऊळ आठवल्यावर राग येऊ नये, हे बरंच आहे.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की आज भीतीची गोष्ट सांगताना ख्रिस्ती माणसानं स्वतःला कायमचा बिचारा ठरवू नये. सत्ता त्याच्या धर्माच्या हातात होती तेव्हा दुसऱ्याचा हात गळ्याशी जात होता.

या मातीतून एक माणूस गेला, त्याचं नाव गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथली. आधी व्यापारी, मग फ्रान्सिस्कन संघातला साधा बंधू. जपानी भाषा येत असल्यामुळे तो मिशनऱ्यांचा दुभाषी झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत इतरांबरोबर क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला हा पहिला संत. आम्ही त्याचा सण करतो तेव्हा त्याचं हौतात्म्य सांगतो. तो दुभाषी होता, दोन माणसांच्या मध्ये उभं राहून एकाचं दुसऱ्याला समजावणं हे त्याचं रोजचं काम होतं, हे सांगायला विसरतो.

* * *

आता खरी गोष्ट.

१९८०च्या दशकाच्या शेवटी वसईच्या हरित पट्ट्यावर बिल्डरांची नजर पडली. मुंबईत जागा उरली नव्हती, आणि विरारपर्यंतची लोकल इकडे माणसं आणून सोडत होती. हिरवा पट्टा नागरीकरणाला खुला करण्याचे निर्णय झाले, १९९० मध्ये सिडकोला इथलं विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आलं. कागदावर हे सगळं नियोजन होतं. जमिनीवर वेगळंच चाललं होतं. कुणाची वाडी कुणी घ्यायची, किती पैशांत घ्यायची, कुणी सही करायची, हे ठरवणारी माणसं रात्री यायची. ९ ऑक्टोबर १९८९ रोजी नालासोपारा स्टेशनवर सुरेश दुबे या बांधकाम व्यावसायिकाला गोळ्या घालून मारण्यात आलं. स्टेशनवर, माणसांच्या गर्दीत. त्या सुमाराची वसई ज्यांना आठवते, त्यांना एक आवाज आठवतो, तो म्हणजे संध्याकाळी साडेसातला दारांच्या कड्या लावल्याचा. माझे बाबा पहाटेच्या गाडीनं फुलांचे हारे घेऊन दादरला जायचे. त्या वर्षी आजीनं त्यांना दोन गाड्या उशिरा जायला लावलं. दोन गाड्या उशीर म्हणजे फुलांचा निम्मा भाव. भीतीचा हिशेब आमच्या घरात असा व्हायचा.

या काळात हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, आणि तिच्या पुढ्यात एक कॅथलिक धर्मगुरू होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो मूळचे नंदाखालचे. १९७२ मध्ये ते धर्मगुरू झाले, १९८३ पासून ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. मार्कुस डाबरे, मनवेल तुस्कानो यांच्यासारखे सहकारी सोबत होते, आणि समितीत ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते. हा तपशील पुन्हा एकदा वाचावा. समितीचं नाव ‘ख्रिस्ती जमीन बचाव’ असं सहज ठेवता आलं असतं. वाड्या बहुतांशी ख्रिस्ती कुटुंबांच्या होत्या, चर्चचं जाळं तयार होतं, रविवारी गर्दी आपोआप जमत होती. पण नाव वसईचं ठेवलं. माझ्या मते त्या लढ्यातला सर्वांत धार्मिक निर्णय हाच होता, आणि त्यात धर्माचा शब्दसुद्धा नव्हता.

मोर्चे निघाले. लुगडी नेसलेल्या बायका, ज्या चर्च आणि बाजार यांच्यापलीकडे कधी गेल्या नव्हत्या, तहसील कचेरीसमोर बसल्या. फादरांना धमक्या आल्या. त्या गुंडांकडून आल्या, याचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही. जास्त बोचणारं बोलणं आतून आलं. फादरनं मिस्सा करावी, पापनिवेदन ऐकावं, लग्नं लावावीत. जमिनीच्या भानगडीत झगा कशाला मळवायचा? मी शाळकरी होतो, पण हे वाक्य मी आमच्याच ओटीवर, आमच्याच पाहुण्यांच्या तोंडून ऐकलं आहे. बाबा त्यावर काही बोलले नाहीत. चहा झाल्यावर ते उठले आणि मोर्च्याच्या मीटिंगला गेले. पाहुण्यांना तेवढं पुरलं.

गुंडगिरीविरुद्ध बोलायला धर्मगुरूच का लागला, याचं कारण मला नंतर कळलं. त्याला विकायला वाडी नव्हती. त्याला पोर नव्हतं, ज्याला शाळेतून येताना कुणी अडवील. ब्रह्मचर्याचा एवढा व्यावहारिक उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

‘सुवार्ता’चंही असंच झालं. चर्चच्या मासिकात काय असतं ते सर्वांना माहीत आहे: संतांची चरित्रं, बिशपांची पत्रं, कुणाकुणाची रौप्यमहोत्सवी छायाचित्रं. दिब्रिटोंनी त्यात पाणी आणलं, जमीन आणली, मराठी साहित्य आणलं, ख्रिस्ती नसलेले लेखक आणले. चोवीस वर्षं, २००७ पर्यंत, त्यांनी ते चालवलं. ते तुकारामावर तितक्याच प्रेमानं बोलायचे, जितक्या प्रेमानं पौलावर. काही भाविकांना हे खटकायचं. पण मराठीत ख्रिस्ताविषयी ओवीतून लिहिण्याची परंपरा फादर थॉमस स्टीफन्सच्या १६१६ सालच्या ‘क्रिस्तपुराणा’पासूनची आहे, आणि तो तर इंग्लंडहून गोव्यात आलेला जेझुइट होता. दिब्रिटो तर घरातलेच. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

* * *

इथवर गोष्ट ऐकायला छान वाटते. एका बाजूला गुंड, एका बाजूला साधुसंत. पण तशी ती नव्हती.

इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांना पाणी नव्हतं. मग टँकर आले. टँकर पाणी कुठून भरत होते? आमच्या वाड्यांतल्या विहिरींतून. विहिरीवर मोटार बसवायची, रात्रभर उपसा करायचा, सकाळी पैसे मोजायचे. उन्हाळ्यात केळीपेक्षा पाणी विकणं सोपं. काही वर्षांत शेजारच्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं, मग खारट. समितीला टँकरविरुद्धही लढावं लागलं, आणि ही लढाई गुंडांविरुद्धच्या लढाईपेक्षा अवघड होती, कारण मोटारीचं बटण दाबणारी माणसं आमचीच होती. रविवारी पहिल्या बाकावर बसणारी. मी नावं घेत नाही. त्यांतलं एक आमच्या आडनावाचं आहे.

बावखलंही आम्हीच बुजवली. डेब्रिस फुकट मिळत होतं, भरावानं दोन गुंठे सुटत होते, मुलाच्या लग्नाआधी खोल्या निघत होत्या. कुणाला दुष्ट म्हणावं? एका म्हाताऱ्या शेजाऱ्याला मी विचारलं होतं, ‘काका, बावखल बुजवताना काही वाटलं नाही?’ ते म्हणाले, ‘सगळेच बुजवत होते. आपण एकट्यानं ठेवून डासच पाळायचे ना?’ मला त्यांचं उत्तर चुकीचं वाटतं आणि प्रामाणिकही वाटतं. सगळेच करतात, म्हणून मीही. भीतीच्या काळात माणसं वाईट वागतात, त्यातली बरीचशी याच कारणानं वागतात.

पुढचं थोडक्यात सांगतो. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली, गावांनी तिला विरोध केला, आंदोलनं झाली, निवडणुका झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाख बावीस हजारांवर होती. लढा जिंकला की हरला? पश्चिमेचा पट्टा पूर्वेसारखा पूर्ण बुजला नाही, याचं श्रेय त्या मोर्च्यांना द्यावंच लागेल. बाकी तुम्ही विरारच्या पुलावर उभं राहून स्वतः ठरवा.

* * *

गुंडाची भीती स्वच्छ असते. तो कोण ते माहीत असतं, त्याला काय हवं तेही माहीत असतं. आता जी भीती माझा हात गळ्याशी नेते, ती शेजाऱ्याची भीती आहे, आणि तिचा काही पत्ता लागत नाही.

महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्काही नाहीत. २०११ च्या मोजणीत १० लाख ८० हजार. देशात २.३ टक्के. तरीही ते सर्वांना बाटवून टाकतील अशी धास्ती घेतलेली माणसं आहेत, आणि त्या धास्तीतून प्रार्थनासभांवर चाल करून जाणारे जमाव आहेत. युनायटेड ख्रिश्चन फोरम या संस्थेकडे २०१४ मध्ये अशा १२७ घटनांची नोंद झाली होती, २०२४ मध्ये ८३४. वसईत असं काही घडलेलं मी पाहिलेलं नाही. आम्ही इथे संख्येनं आहोत, जुने आहोत, मतपेटीत दिसतो. पण आकडे मोबाइलवर येतात, आणि मोबाइल प्रत्येकाच्या उशाशी असतो.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, आजच्या धाराशिवला, त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा ही भीती आमच्या घरात आली. अध्यक्ष फादर दिब्रिटो. संमेलनाच्या इतिहासात पहिल्यांदाच एक ख्रिस्ती धर्मगुरू त्या खुर्चीवर बसत होता. निवड जाहीर झाल्यापासून विरोधाचे फोन आणि पत्रं सुरू झाली. उद्घाटक ना. धों. महानोर यांनाही जाऊ नका असे निरोप गेले. ज्या माणसानं चाळीस वर्षं मराठीत लिहिलं, त्याला मराठीच्या मांडवात पोलीस बंदोबस्तात जावं लागलं. पाठीच्या दुखण्यानं ते तेव्हा इतके बेजार होते, की चाकाच्या खुर्चीवरून आले. महानोरही आले. अध्यक्षीय भाषणात फादरांनी भोवतालच्या हिंसेबद्दल आणि द्वेषाबद्दल बोलायचं टाळलं नाही. आमच्याकडे टीव्हीसमोर दहा-बारा जण बसले होते. भाषण संपल्यावर माझी आई एवढंच म्हणाली, ‘आवाज थरथरला नाही.’ ती रानफुलांपासून बिशपांपर्यंत सगळ्यांना एकाच मापानं मोजते.

त्या रात्री आमच्यात दोन तट पडले. एकाचं म्हणणं, फादरांनी मराठी समाजात ख्रिस्ती माणसाची मान उंच केली. दुसऱ्याचं म्हणणं, गप्प बसले असते तर आपण सुखात राहिलो असतो. कशाला नजरेत यायचं? हा दुसरा आवाज भेकडाचा आहे, असं मी तेव्हा म्हणालो होतो. तो बोलणारा माझा चुलतभाऊ होता, आणि त्याची बायको बाहेरच्या एका जिल्ह्यात शाळेत शिकवत होती. तिला रोज शाळेत जायचं होतं. मला जायचं नव्हतं. ‘भेकड’ हा शब्द मी परत घेतला आहे.

* * *

आता आमच्या लोकांचा एक दोष सांगायलाच हवा. भीती संसर्गजन्य असते. ज्याला स्वतःला संशयानं बघितलं जातं, तो दुसऱ्या कुणाला तरी संशयानं बघायला शोधतो. आमच्या धर्मग्रामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुसलमानांविषयी जे येतं, ते वाचून मला लाज वाटते. नालासोपाऱ्यातल्या उत्तर भारतीय भाडेकरूंविषयी आम्ही जे बोलतो, त्यातले शब्द आमच्याविषयी बोलल्या जाणाऱ्या शब्दांसारखेच असतात, नावं फक्त बदललेली. कुपारी, वाडवळ, कोळी यांच्यात लग्न ठरलं तर अजूनही दोन घरांत चार महिने अबोला धरला जातो. चर्चमध्ये मात्र आम्ही एका शरीराचे अवयव.

म्हणून मला रमाबाईंचं १८९७ सालचं पत्र महत्त्वाचं वाटतं. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती धर्म घेतला. त्यानंतर पुण्यात शारदासदन या त्यांच्या आश्रमशाळेवरून त्यांच्यावर जे तुटून पडणं झालं, ते मराठी वाचकाला सांगायला नको. पुढे १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, घरांच्या झडत्या सुरू झाल्या, माणसं बळजबरीनं रुग्णालयात आणि छावण्यांत नेली जाऊ लागली. रमाबाईंना सरकारच्या बाजूनं बोलणं सोपं होतं. राज्य ख्रिस्त्यांचं होतं, मिशनरी मित्र होते, आणि पुण्यानं त्यांना काही सुखानं वागवलं नव्हतं. त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून प्लेगच्या रुग्णालयात बायकांचे काय हाल होतात ते मांडलं. गव्हर्नरांनी ते आरोप खोटे आणि दिशाभूल करणारे ठरवले. धर्म राज्यकर्त्यांचा आणि माणसं मात्र पुण्याची, अशा कोंडीत रमाबाईंनी कुणाची बाजू घेतली, हे त्या पत्रानं कायमचं नोंदवून ठेवलं आहे. त्याच काळात दुष्काळग्रस्त मुलींना आणून त्या केडगावला वसवत होत्या, आणि पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून साऱ्या बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या. हात गळ्याशी न्यायला त्यांचा हात कधी मोकळा नसावा.

माफीविषयी बोलताना ग्लॅडिस स्टेन्स यांचं नाव हमखास निघतं. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे मिशनरी पती ग्रॅहम आणि फिलिप, टिमथी ही दोन मुलं गाडीत झोपलेली असताना जाळण्यात आली. मुलं दहा आणि सहा वर्षांची. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं, आणि प्रवचनांत तेवढंच सांगितलं जातं. मला पुढचा भाग जास्त मोठा वाटतो. त्या बारिपद्याला राहिल्या. कुष्ठरोग्यांचं काम होतं, ते आणखी पाच वर्षं करत राहिल्या, २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाला परतल्या. क्षमा तोंडानं एकदा करता येते. ज्या बाजारातल्या माणसांपैकी कुणी त्या रात्रीच्या जमावात असेल, त्याच बाजारात रोज भाजी घ्यायला जाणं हे दुसऱ्या जातीचं काम आहे. आणि हे लिहिताना एक खबरदारी घेतो: क्षमा ग्लॅडिसबाईंची, न्याय कोर्टाचा. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. पीडितांनी क्षमा केली म्हणून समाजानं विसरून जावं, असं शुभवर्तमानात कुठेही लिहिलेलं नाही.

फादर स्टॅन स्वामींना तर क्षमा करायलाही वेळ मिळाला नाही. झारखंडातल्या आदिवासींबरोबर आयुष्य काढलेल्या या जेझुइटाला ऑक्टोबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात रांचीहून अटक झाली, तेव्हा वय त्र्याऐंशी, कंपवाताचा आजार. तळोजा तुरुंगात त्यांना पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून अर्ज करावा लागला. खटला उभा राहण्याआधीच, ५ जुलै २०२१ रोजी, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ते गेले. त्या संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा व्हावी की नाही, यावरही कुजबुज झाली होती. मिस्सा झाली. दारं उघडी ठेवून झाली, हे मुद्दाम लिहितो.

दारांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण ख्रिस्ती श्रद्धेची सुरुवातच बंद दारामागे झाली. क्रुसावरच्या मृत्यूनंतर शिष्य भिऊन एका खोलीत कड्या लावून बसले होते. येशू त्या खोलीत आला. घाबरलेल्यांना तो रागावला नाही, त्यांना आपल्या जखमा दाखवल्या आणि बाहेर पाठवलं. दार लावून घेणाऱ्या माझ्या चुलतभावाशी आता मी वाद घालत नाही, तो यामुळे. घाबरणं ही श्रद्धेतली खोट नव्हे. फक्त खोलीत कायमचा बिछाना घालू नये.

आमच्याकडे बिछाना घालायला सुरुवात झाली आहे. कॅनडाला गेलेल्या मुलांचे आईबाप आणखी एक कुलूप घेतात. काही घरांत नाताळचा आकाशकंदील रस्त्याच्या बाजूला न लावता मागच्या पडवीत लावतात. गल्लीतले गणपती आमच्या ओटीसमोर पाच मिनिटं थांबायचे, आजी त्यांना पाणी द्यायची. हल्ली मिरवणूक थांबत नाही, आणि आम्हीही पाण्याची कळशी बाहेर आणत नाही. आधी कोण थांबलं ते आता कुणाला सांगता येणार नाही. मला विचाराल, तर भीतीच्या काळातली श्रद्धा या कळशीएवढीच असते. मिरवणूक थांबो न थांबो, कळशी बाहेर हवी.

* * *

फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. त्याच दिवशी संध्याकाळी नंदाखालला त्यांना निरोप दिला. पाऊस होता.

मागच्या कार्तिक वद्य एकादशीला मी निर्मळच्या यात्रेला गेलो. आळंदीला माऊलींची यात्रा असते तोच दिवस. इथे शंकराचार्यांच्या समाधीचं दर्शन घ्यायला आणि विमलेश्वराला जायला रांग लागते, आणि थोड्याच अंतरावर चर्च आहे. यात्रेत खरेदीला सगळेच येतात: सुकी मासळी, सूप-टोपल्या, कोयते. राजेळी केळी उन्हात सुकवून केळीच्या पानात गुंडाळलेली सुकेळी घेऊन लाल लुगड्यातली एक मावशी बसली होती. गळ्यात क्रूस, लुगड्यावर, बाहेर. समोर कपाळाला बुक्का लावलेलं एक जोडपं भाव करत होतं. मी तिला कादोडीत विचारलं, ‘मावशी, किती वर्षं बसतेस इथे?’ ती म्हणाली, ‘माझी सासू बसायची, तेव्हापासून हीच जागा.’ मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, ‘तू कुणाचा?’

मी बाबांचं नाव सांगितलं. ती म्हणाली, ‘तुमच्या वाडीत बावखल आहे ना? आहे की बुजवलंत?’

आहे. गेल्या मे महिन्यात आम्ही भावांनी त्यातला गाळ काढला. साठ-सत्तर टोपल्या निघाल्या, आणि गाळ उचलायला शेजारच्या पाटलांचे दोन मुलगे आणि चाळीतला एक भाडेकरू असे तिघे आपणहून आले. जूनच्या दुसऱ्या पावसानंतर पाणी काठाला लागलं. वसईत ज्यांच्या वाडीत बावखल उरलं असेल, त्यांनी या उन्हाळ्यात ते उपसून घ्यावं. माणसं कमी पडली तर आम्हाला हाक मारा, टोपल्या आमच्याकडे आहेत.